किती आणे?

जळगाव,
शनिवार

प्रिय दिपमाला,

तुझा बोलका निरोप मोबाइलवर मिळाला. चाळीसगाव-धुळे हा रेल्वेचा रस्ता तुझा शिकून झाला, सोमवारी तू भुसावळच्या कार्यालयात जाऊन 'हा रस्ता मला माहीत आहे' अशा अर्थाच्या मजकुराखाली सही करणार आणि त्यानंतर त्या मार्गावरची मेमू गाडी चालक म्हणून तुझ्या एकटीच्या भरवशावर सोडतील, एवढे त्यातून समजले. शेवटी तू म्हणालीस, "आई, आता तरी शाब्बास म्हण." मी म्हटले नाही, हे तुझ्या लक्षात आले असेलच. फोन करण्याचेही मी मुद्दाम टाळले. फोनवर तू माझे वाक्य निम्मे ऐकतेस आणि उरलेले निम्मे स्वतःच्या सोयीने पूर्ण करतेस. कागदावरचे वाक्य मी आधीच पूर्ण केलेले असते. त्यात तुला काही करायला उरत नाही. तेव्हा बसून वाच. उभ्याने, चहा पिता पिता वाचू नकोस.

मोहिनी बरी आहे. सात वर्षांच्या मानाने तिचे अक्षर चांगले आहे, तुझ्यापेक्षा निश्चितच. तिचा पुढचा दात पडला, तो तिने तुला दाखवण्यासाठी काडेपेटीत ठेवला आहे. योगेंद्र मंगळवारी दीपनगरच्या वीजकेंद्रातली ड्यूटी संपवून येऊन गेला. नेहमीप्रमाणे केळी घेऊन आला, नेहमीप्रमाणे लेकीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरला आणि नेहमीप्रमाणे मला काही विचारले नाही. तो चांगला माणूस आहे. ज्याला प्रश्न पडत नाहीत तो माणूस चांगलाच असतो. तुम्ही दोघेही पाळ्यांची नोकरी करता म्हणून ही मुलगी माझ्याकडे आहे, हे मी कुणाला उपकार म्हणून सांगत नाही. मात्र ती माझ्याकडे आहे ही गोष्ट या पत्रात पुढे लागणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

तुझ्या निरोपातला एक शब्द मला प्रथम खटकला. तू म्हणालीस, रस्ता 'तोंडपाठ' झाला. शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवण्यात माझे उभे आयुष्य गेले. विद्यार्थ्याला काय येते, यापेक्षा आपल्याला काय येते आणि काय येत नाही याची खबर त्याला स्वतःला कितपत असते, हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता, हे तुला माहीत आहे. निदान त्या प्रबंधाचा जाड पुठ्ठा तू घरात पाहिलेला आहेस. त्या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त भीती वाटली ती तोंडपाठ या शब्दाची. मठ्ठ विद्यार्थ्याचे मला भय नाही, त्याला आपण मठ्ठ आहोत हे ठाऊक असते. भय असते ते ओळखीला ज्ञान समजणाऱ्याचे. पान ओळखीचे दिसले की त्याला वाटते, आपल्याला आले. तू तशीच होतीस. डिप्लोमाच्या दिवसांत तू पिवळ्या पेनाने पानेच्या पाने रंगवायचीस आणि तेच रंगवलेले पान पुन्हा पुन्हा वाचायचीस. शेजारच्या भागाबाई कौतुकाने म्हणायच्या, "पोरगी किती अभ्यास करते हो!" मी जवळ येऊन पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, आता सांग. मग तुझे डोळे छताकडे जायचे. पुस्तक उघडे असताना तुला सर्व येत असे, मिटल्यावर काहीच नाही. आणि या दोहोंतला फरक तुला कधीही आधी कळला नाही, दर वेळी मलाच दाखवून द्यावा लागला.

म्हणूनच मी तुला आणे लावले होते. तुझ्या सासरी तू ती गोष्ट हसू येईल अशा बेताने सांगतेस, असे योगेंद्रच्या बोलण्यातून एकदा कळले. हसण्यासारखे त्यात काहीही नव्हते. प्रत्येक उत्तराशेजारी, ते तपासण्यापूर्वी, आपली खात्री किती आणे आहे ते लिहायचे: अगदी पक्के असेल तर सोळा, अर्धवट वाटत असेल तर आठ, नुसता अंदाज असेल तर दोन. उत्तर चुकले आणि आणे दोन असतील, तर मी काही बोलत नसे. उत्तर बरोबर आले आणि आणे दोनच असतील, तर मात्र तुला मार्क नाहीत. कारण ते उत्तर तुझे नव्हते, योगायोगाचे होते. आणि सोळा आणे लिहून उत्तर चुकले, तर तुझी एखादी आवडती वस्तू जात असे. या पद्धतीत माझ्या कॉलेजातल्या कुणालाही दोष काढता आला नाही. माझ्या बहिणीच्या, कमलच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू अपूर्णांकाच्या गणितापुढे ठसठशीत सोळा लिहिलेस आणि उत्तर चुकवलेस, म्हणून दोंडाईच्याला मी आणि तुझे बाबा गेलो आणि तू भागाबाईंकडे राहिलीस. मावशीच्या लग्नाचा अल्बम तू आजही उघडत नाहीस, असे कमल सांगते. तुझा परकर-पोलका शिवून तयार होता, जांभळा. तो मी नंतर कुणालाही दिला नाही, एवढे सांगते.

तुझ्या बाबांनी मात्र ही शिस्त आतून पोखरली. मी त्यांना दोष देते असे समजू नकोस, गेलेल्या माणसाला देऊन उपयोग काय. परंतु घडले ते घडले. ते शिंदखेड्याचे, मऊ काळजाचे. तू आणे लिहायला पेन्सिल उचललीस की ते वर्तमानपत्रामागून खोकायचे. उत्तर चुकीचे असेल तर खोकला, बरोबर असेल तर शांतता. मला हे कळत नव्हते असे तुम्हा बापलेकींना वाटे. मी ओरडले की म्हणायचे, "आते राहू दे ना, पोर थकी गई शे." पोर थकली नव्हती. पोर एक फार वाईट गोष्ट शिकत होती. आपल्याला किती येते हे स्वतःच्या आत डोकावून पाहण्याऐवजी ती समोरच्याकडे पाहून ठरवू लागली होती. बाबा नसले की तू माझ्याकडे पाहायचीस. सोळा लिहिण्यासाठी एक काढायचीस आणि पेन्सिल तशीच धरून माझ्या भुवया बघायचीस. भुवई जरा हलली की त्या एकाला आणखी एक वळसा देऊन त्याचे नऊ करायचीस. मी किती वेळा चेहरा दगडासारखा ठेवण्याचा प्रयत्न केला. तू दगडही वाचायचीस.

तू रेल्वेत गेलीस तेव्हा मी कॉलेजात 'तांत्रिक विभागात आहे' असे सांगत असे, हे तुला ठाऊक आहे आणि तू ते मनाला लावून घेतले आहेस. लावून घे. माझ्या मुलीने व्यासपीठावर उभे राहावे, इंजिनात नव्हे, अशी माझी इच्छा होती आणि ती मी लपवली नाही. तरी मी न्याय सोडत नाही. मालगाड्यांवर तू वर्षानुवर्षे काम केलेस, तुझ्या नावावर एकही ठपका नाही, उन्हाळ्यात तापलेल्या त्या लोखंडी खोलीत तू गर्भारपणाचे पहिले महिने काढलेस आणि कुणापुढे रडली नाहीस. हे तुझ्या खाती जमा आहे. परंतु मालगाडीत कोळसा असतो. चूक झाली तर कोळसा मोजतो ती किंमत वेगळी, माणसे मोजतात ती वेगळी.

आता मोहिनीविषयी. तिलाही मी आणे शिकवले आहेत. तुला न विचारता, कारण विचारले असते तर तू नको म्हणाली असतीस. तिला ते तुझ्यापेक्षा लवकर कळले. परवा तिला मी विचारले, सात सत्ते किती? ती एकोणपन्नास म्हणाली आणि लगेच म्हणाली, "पण आजी, सहाच आणे हं, मी गाण्यावरून म्हटलं." मला आनंद लपवता आला नाही. गाण्यावरून आलेले आणि समजून आलेले यांतला फरक सात वर्षांच्या मुलीला आतून कळला. तिच्या आईला तो आजही कळत नाही. मागच्या रविवारी तू येणार होतीस. सकाळी मी तिला सहज विचारले, आई येईल असे किती आणे वाटते? तिने थोडा विचार केला. माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. म्हणाली, "दोन." तू आली नाहीस. उत्तर बरोबर होते, पण या खेपेस मी तिला दोनच आण्यांवर मार्क दिले. कारण दोन आणे तिने उत्तराला लावले नव्हते, तुला लावले होते.

तर तुझा रस्ता. निरोपात तू अभिमानाने सांगितलेस की शिरूड स्टेशनचा होम सिग्नल डोळ्यांना दिसण्याआधीच तुझ्या तोंडून 'हिरवा' निघून जातो, इतका हात बसला आहे. तुझ्या खात्यातले मला फारसे कळत नाही, परंतु स्टेशनात शिरण्यापूर्वीच्या त्या सिग्नलचा रंग पाहून मोठ्याने उच्चारायचा आणि शेजारच्याने तो पुन्हा उच्चारायचा, हा नियम तूच मला एकदा समजावला होतास आणि मला तो फार आवडला होता. त्या नियमात माझ्या साऱ्या प्रबंधाचे सार आहे. उच्चार कशासाठी? रंग ठाऊक आहे हे दाखवण्यासाठी नव्हे. डोळ्यांनी आत्ता, या क्षणी पाहिले की मनाने कालचे आठवले, याची स्वतःची झडती घेण्यासाठी. आणि तू सांगतेस की झडतीआधीच तुझे उत्तर तयार असते, वर यासाठी शाबासकी मागतेस! स्वतःला काही प्रश्न विचारून पाहा. डोळे मिटून चाळीसगावहून धुळ्यापर्यंत तू खांबाखांबाने रस्ता सांगू शकशील, याबद्दल मला शंका नाही. पण मधूनच, जामद्यापासून सुरुवात करून सांगता येईल का? उलट्या दिशेने? धुके असताना कोणती खूण आधी सापडेल आणि कोणती फसवेल? कोणत्या ठिकाणी तुला स्वतःचा भरवसा वाटत नाही? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुझ्यापाशी नसेल, तर तुला रस्ता येत नाही, रस्त्याची सवय झाली आहे. दोन्ही आतून सारखेच जाणवतात, हीच तर आपत्ती आहे.

तू निरोपात आणखी एक वाक्य बोललीस: "एवढ्या फेऱ्यांत एकदाही चुकले नाही." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकले. तुझा आवाज स्वच्छ होता. खोटे बोलताना तू वाक्याच्या शेवटी श्वास घेतेस, तसा घेतलेला नव्हता. म्हणजे ते तुझ्या मते खरे आहे.

दिपमाला, गेल्या गुरुवारी मी धुळ्याला एका विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा घेण्यासाठी परीक्षक म्हणून गेले होते. परतताना मोटार नाकारली आणि दुपारची मेमू धरली. तू त्या गाडीवर शिकाऊ म्हणून आहेस, हे योगेंद्रने सांगितले होते. मी पहिल्या डब्यात, चालकाच्या खोलीच्या भिंतीला पाठ लागेल अशा बाकावर बसले. डोक्यावरून पदर घेतलेला, शेजारी मेथीच्या जुड्यांची टोपली घेऊन पेंगणारी एक बाई. मी अशा बाकावर बसेन हे तुझ्या स्वप्नातही येणार नाही, म्हणून तू फलाटावरून माझ्या अंगावरून गेलीस आणि तुला कळले नाही. ती भिंत पातळ आहे. गाडीचा वेग उतरला की पलीकडचे सर्व ऐकू येते. तुला रस्ता शिकवणारे गाडीचालक धनसिंगभाऊ यांचा आवाज भरदार आहे, तुझा माझ्यासारखा आहे. मला तो ऐकून चमत्कारिक वाटले. शिरूडच्या अलीकडे रूळ वळतात तिथे माझ्या खिडकीतून तो खांब दिसतो. तू म्हणालीस, "होम, हिरवा." तेव्हा खिडकीत बाभळींखेरीज काहीही नव्हते. मग बाभळी सरल्या आणि खांब आला, आणि तो पिवळा होता. नंतर तुझा घाईचा आवाज: "पिवळा, पिवळा." आणि धनसिंगभाऊ मोठ्याने हसले: "ताई, खांबले ते बोलू दे आधी! बठ्ठा रस्ता पाठ व्हयी गया व तुले!" तूही हसलीस. गाडी हळू झाली, स्टेशनात नीट उभी राहिली, कुणाचे काही बिघडले नाही. मेथीवालीला जागही आली नाही.

चूक दुरुस्त झाली म्हणून ती तुझ्या स्मरणात चूक म्हणून उतरलीच नाही. तू खोटे बोलली असतीस तर मला एवढी काळजी वाटली नसती. खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते ठाऊक असते. तुला आता ही गोष्ट वाचूनही पुसटच आठवत असेल, आणि तू मनात म्हणत असशील की धनसिंगभाऊ हसले म्हणजे ते काही मोठे नव्हते. हेच. नेमके हेच मला ऐकू आले होते. तुझ्या पहिल्या 'हिरवा'ला शेवटी एक बारीक चढ होता, प्रश्न विचारावा तसा. तो चढ मी ओळखते. तो आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा आहे. तू खांबाकडे पाहत नव्हतीस. रंग उच्चारून तू शेजारच्या माणसाकडे पाहिलेस, तो खोकतो की गप्प राहतो हे बघायला.

सही केल्यावर त्या खोलीत शेजारी धनसिंगभाऊ नसतील. कुणीच खोकणार नाही.

आता हे पत्र कशासाठी लिहिले ते सांगते. ही हकिगत मी तुझ्या वरिष्ठांना कळवणार नाही. तसे करणे सोपे होते, आणि तुला ते सोयीचेही झाले असते. आईने अडवले म्हणून तू आयुष्यभर मला बोल लावला असतास आणि स्वतःकडे पाहण्यातून पुन्हा एकदा सुटली असतीस. आणखी फेऱ्या मागायच्या की सोमवारी सही करायची, हे तूच ठरव. परंतु सही केलीस, तर तुझी पहिली फेरी कधी आहे ते योगेंद्रकडून मला समजेलच, आणि त्या गाडीच्या पहिल्या डब्यात, भिंतीला लागून असलेल्या त्याच बाकावर मी बसेन, आणि माझ्या मांडीवर मोहिनी असेल. मी तिला विचारले आहे. आईच्या गाडीत, अगदी आईच्या पाठीमागे बसायचे का, आई नीट नेईल असे किती आणे वाटते? तिने पेन्सिल मागून घेतली, माझ्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिले नाही आणि सोळा लिहिले. तो कागद सोबत आहे; पत्र टपालात न टाकता हातोहात पाठवत आहे, म्हणजे सोमवारआधी पोचेल. तिच्या आकड्याशेजारी जागा कोरी आहे, तिथे तुझा आकडा तू लिही, मग सहीचे पेन उचल. माझा आकडा मी ठरवलेला आहे, पण तो तुला कळणार नाही. या पत्रात शोधू नकोस, इथे तो नाही. गाडीतही मध्ये भिंत असेल, दिपमाला. माझ्या भुवया तुला दिसणार नाहीत.

भिंतीच्या या बाजूने, तुझीच,
आई